दार बदललं, घर तेच आहे: लिनक्सच्या लॉगिन स्क्रीनचा इतिहास

(या भागाचं हे लेखी रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, भाषा मात्र बोलली तशीच ठेवली आहे.)

आजचा भाग लिनक्सवर आहे, पण घाबरू नका, प्रोग्रॅमिंग नाहीये. कॉम्प्युटर चालू केल्यावर जी पहिली स्क्रीन येते ना, नाव आणि पासवर्ड विचारणारी, तिचा इतिहास सांगणार आहे. आणि तिच्या मागे जो डेस्कटॉप उघडतो, त्याचाही.

आता तुम्ही म्हणाल, लॉगिन स्क्रीनला कसला आलाय इतिहास? तर आहे. आणि तो माहीत नसल्यामुळे आपल्याकडे लोकांचा डेटा जातो. अगदी खराखुरा जातो. अपग्रेड झालं, स्क्रीन वेगळी दिसायला लागली, पासवर्ड घेईना, की माणूस मशीन उचलून दुकानात नेतो. दुकानदार म्हणतो, ‘फॉरमॅट मारायला लागेल.’ आणि मारतो. बहुतेक वेळा त्याची काहीच गरज नसते. गरज का नसते, हे समजायला थोडं मागे जावं लागतं. चला तर.

०१:४० – आधी नुसता काळा पडदा होता

युनिक्सच्या जुन्या दिवसांत लॉगिन म्हणजे काळ्या पडद्यावरची एक ओळ. मोठं मशीन एका खोलीत, त्याला जोडलेले टर्मिनल दुसरीकडे. तुम्ही नाव टाइप करायचं, मग पासवर्ड, आणि पुढे सगळं काम टायपिंगनेच. हे काम दोन छोटे प्रोग्रॅम करायचे. एकाचं नाव ‘गेटी’, दुसऱ्याचं नाव ‘लॉगिन’. गंमत म्हणजे ते आजही तुमच्या लिनक्समध्ये आहेत. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाबा, ते समोर येतील. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९८४ मध्ये अमेरिकेत एमआयटीच्या ‘प्रोजेक्ट अथेना’ मधून एक्स विंडो सिस्टिम निघाली. पडद्यावर खिडक्या आणि माउस, हे युनिक्सला यातून मिळालं. १९८७ मध्ये तिची अकरावी आवृत्ती आली, म्हणून तिला एक्स११ म्हणतात. पण लॉगिन अजून काळ्या पडद्यावरच होतं. आधी टायपिंग करून आत जा, मग खिडक्या सुरू करा.

१९८८ मध्ये एक्सडीएम नावाचा प्रोग्रॅम आला. कीथ पॅकार्ड यांनी लिहिलेला. डीएम म्हणजे डिस्प्ले मॅनेजर. त्याने काय केलं, तर नाव-पासवर्डची चौकटच ग्राफिक केली. पासवर्ड बरोबर असेल तर तो तुमच्यासाठी डेस्कटॉप सुरू करून द्यायचा आणि स्वतः बाजूला व्हायचा.

आजच्या भागातली सगळ्यात कामाची गोष्ट इथेच आहे. लॉगिन दाखवणारा प्रोग्रॅम वेगळा आणि डेस्कटॉप वेगळा. विंडोजवर हे दोन्ही एकाच कंपनीकडून एकत्र शिवून येतं, म्हणून आपल्याला ते एकच वाटतं. लिनक्सवर ते सुटे भाग आहेत. आणि तिसरा भाग म्हणजे तुमच्या फाइल्स. त्या ‘होम’ फोल्डरमध्ये असतात, आणि त्यांचा या दोघांशी थेट संबंध नसतो. लॉगिनवाला बदला, डेस्कटॉप बदला, फाइल्स जिथे आहेत तिथेच राहतात.

०४:५० – एका लायसन्सवरून दोन डेस्कटॉप

१९९६ च्या ऑक्टोबरमध्ये माथियास एटरिश नावाच्या जर्मन विद्यार्थ्याने केडीई प्रकल्प जाहीर केला. त्याचं म्हणणं साधं होतं. लिनक्सवर प्रत्येक प्रोग्रॅम वेगळा दिसतो, वेगळा वागतो, साध्या माणसाला ते झेपत नाही, तर सगळं एकसारखं करूया. त्यासाठी त्याने क्यूटी नावाचं नॉर्वेच्या एका कंपनीचं साहित्य वापरलं. त्या वेळी क्यूटीचं लायसन्स पूर्णपणे मुक्त नव्हतं, आणि मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांना ते खटकलं. म्हणून १९९७ च्या ऑगस्टमध्ये मेक्सिकोच्या मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना यांनी नोम हा दुसरा प्रकल्प सुरू केला. क्यूटी पुढे २००० मध्ये जीपीएलखाली आलं, म्हणजे भांडणाचं कारण संपलं. पण तोवर दोन्ही घरं उभी राहिली होती.

दोघांनी आपापला लॉगिनवाला आणला. केडीईचा केडीएम, नोमचा जीडीएम. दोन्ही डेस्कटॉप एकाच मशीनवर असू शकत होते, त्यामुळे लॉगिन स्क्रीनवर एक छोटा मेनू आला: ‘सेशन’. कुठल्या डेस्कटॉपमध्ये जायचं ते तिथे निवडायचं. आजही तो मेनू आहे. उबुंटूमध्ये नावावर क्लिक केलं की खालच्या कोपऱ्यात दातेरी चाकाचं चिन्ह दिसतं, तोच. वर्षानुवर्षं लिनक्स वापरणाऱ्या कित्येकांनी त्याच्यावर कधी क्लिकच केलेलं नसतं.

०७:१० – त्या स्क्रीनवर मराठी कशी आली

आता आपल्याकडे येऊ. कारण हा इतिहास फक्त एमआयटी आणि जर्मनीचा नाहीये, जुहू आणि पुण्याचाही आहे.

देवनागरी पडद्यावर दाखवणं हे इंग्रजीइतकं सरळ नसतं. ‘कि’ लिहिताना वेलांटी टाइप होते नंतर, पण दिसायला हवी आधी. जोडाक्षरं जुळावी लागतात, रफार योग्य अक्षराच्या डोक्यावर जावा लागतो. नव्वदच्या दशकातल्या एक्स विंडोला यातलं काही येत नव्हतं. एक अक्षर, एक चित्र, बाजूबाजूला ठेवत जा, एवढंच तिला माहीत होतं.

मुंबईत जुहूला एनसीएसटी ही सरकारी संशोधन संस्था होती. नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, स्थापना १९८५. पुढे ती सी-डॅकमध्ये विलीन झाली आणि सी-डॅक मुंबई झाली. तिथल्या लोकांनी ‘इंडिक्स’ नावाचा प्रकल्प केला. त्यांची कल्पना धाडसी होती: प्रत्येक प्रोग्रॅम सुधारत बसण्यापेक्षा एक्स विंडोलाच भारतीय लिप्या शिकवायच्या, म्हणजे तिच्यावर चालणाऱ्या सगळ्या प्रोग्रॅमना त्या आपोआप येतील. याच संस्थेशी र. कृ. जोशी जोडलेले होते, आपले थोर सुलेखनकार. विंडोजमधला ‘मंगल’ फाँट त्यांनी रेखाटलेला, आणि ‘रघू’ हा मुक्त लायसन्सचा देवनागरी फाँटही त्यांचाच. म्हणजे दोन परस्परविरोधी दुनियांतलं देवनागरी एकाच मराठी माणसाच्या हातचं. मला ही गोष्ट कळली तेव्हा फार भारी वाटलं होतं.

२००० च्या आसपास व्यंकटेश हरिहरन आणि प्रकाश अडवाणी यांनी ‘इंडलिनक्स’ हा स्वयंसेवकांचा गट उभा केला. भारतीय भाषांत पूर्ण डेस्कटॉप हवा, ही मागणी घेऊन. पण खरं दार उघडलं २००२ मध्ये. त्या वर्षी नोम २ आलं, आणि त्यात ‘पँगो’ नावाची लिप्या जुळवणारी लायब्ररी होती. आता वेलांटी बरोबर बसू लागली. २००४ मध्ये रेड हॅटने ‘लोहित’ फाँट खुले केले. लोहित म्हणजे लाल, कंपनीच्या नावावरून. पुण्यातल्या रेड हॅटच्या कार्यालयातून मराठी भाषांतराचं खूप काम झालं. २००८ मध्ये तिथूनच ‘फ्युएल’ हा उपक्रम सुरू झाला. मेनूत वारंवार येणाऱ्या शब्दांची यादी करायची आणि प्रत्येक भाषेच्या लोकांनी एकत्र बसून प्रतिशब्द ठरवायचे. ‘लॉग आउट’ ला काय म्हणायचं, ‘सेशन’ ला काय म्हणायचं. हसू येईल, पण अशा शब्दांवर तासन् तास वाद होतात आणि ते व्हायलाच हवेत. कारण तो शब्द कळला नाही तर माणूस बटण दाबत नाही.

अक्षरांच्या वळणाचाही प्रश्न होता. मराठी ‘ल’ आणि ‘श’ हिंदी छपाईतल्यापेक्षा वेगळे. २००९ मध्ये महाराष्ट्र शासनाने मराठी वर्णमालेचा शासननिर्णय काढला, त्यात ही वळणंही आली. ज्याला हे माहीत नाही त्याला वाटतं क्षुल्लक आहे. पण पहिलीपासून एक ‘श’ गिरवलेल्या माणसाला स्क्रीनवर दुसराच ‘श’ दिसला की ते मशीन परकं वाटतं.

आणि इथे एक अडचण आहे जी फारसं कुणी बोलत नाही. लॉगिनचा प्रोग्रॅम बदलला की त्याच्यावरचे शब्दही नव्याने भाषांतरित करावे लागतात. जुन्याचं भाषांतर जुन्याबरोबर जातं. मोठ्या भाषांना ते परवडतं. मराठीत हे काम करणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी. म्हणून कधीकधी अपग्रेडनंतर स्क्रीन अर्धी मराठी, अर्धी इंग्रजी दिसते. मशीन बिघडलेलं नसतं. भाषांतर मागे पडलेलं असतं, इतकंच.

१२:०० – खैरातची मुलं आणि लॉगिन नसलेला कॉम्प्युटर

एक वेगळा नमुना बघू. रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यात खैरात नावाची छोटी वस्ती आहे. २००७ मध्ये ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या आंतरराष्ट्रीय योजनेचा भारतातला पहिला प्रयोग तिथल्या छोट्या प्राथमिक शाळेत झाला. हिरवा-पांढरा एक्सओ लॅपटॉप, आत लिनक्स, आणि त्यावर ‘शुगर’ नावाचा डेस्कटॉप.

शुगरमध्ये लॉगिन स्क्रीनच नव्हती. पासवर्ड नाही, काही नाही. पहिल्यांदा चालू केल्यावर तो फक्त नाव विचारायचा आणि एका छोट्या माणसाच्या आकृतीचा रंग निवडायला सांगायचा. झालं, लॅपटॉप तुझा. आत फोल्डर, फाइल, स्टार्ट मेनू असलं काही नाही. मधोमध ती आकृती, भोवती गोलात कामांची चिन्हं. ‘सेव्ह’ करायची भानगड नाही, केलेलं सगळं काम रोजनिशीसारखं तारखेप्रमाणे साठत जायचं.

ऑफिसात विंडोज वापरलेल्या मोठ्या माणसाला शुगर दिलं तर तो पहिल्यांदा विचारतो, ‘माय कॉम्प्युटर कुठाय?’ ज्या मुलांनी आधी कॉम्प्युटरच पाहिलेला नसतो, त्यांना हा प्रश्नच पडत नाही. खैरातसारख्या शाळेसाठी शुगर बनवणाऱ्यांचा सगळा भरवसा याच गोष्टीवर होता. नव्या माणसाला कुठलाही डेस्कटॉप नवाच असतो. त्रास होतो तो ज्याच्या बोटांना जुनी जागा पाठ झालेली असते त्याला. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत लिनक्सच्या जगात जो गोंधळ झाला, तो या एका वाक्यात मावतो.

१४:३० – २०११: सगळंच एकदम हललं

२००८ च्या जानेवारीत केडीई ४ आलं. जवळजवळ पूर्ण नव्याने लिहिलेलं, आणि सुरुवातीला बरंच कच्चं. लोक चिडले. त्याच वर्षी रेड हॅटमधल्या क्रिस्टियान होग्सबर्गने वेलँडचं काम सुरू केलं, एक्स११ च्या जागी नवं काहीतरी. त्याकडे तेव्हा फार कुणी पाहिलं नाही.

मग २०११ चा एप्रिल. एकाच महिन्यात नोम ३ आलं आणि उबुंटूने ११.०४ मध्ये युनिटी हा स्वतःचा डेस्कटॉप सगळ्यांना दिला. खालचा पट्टा गेला. वरचा ॲप्लिकेशन्सचा मेनू गेला. उबुंटूने खिडकी बंद करायचं बटण तर २०१० मध्येच उजवीकडून डावीकडे नेलं होतं. आणि २०११ च्या ऑक्टोबरमध्ये, ११.१० मध्ये, लॉगिनवालाही बदलला. जीडीएम जाऊन लाइटडीएम आला.

खुद्द लिनस टॉर्वाल्ड्सने नोम ३ वर जाहीर टीका केली आणि तो एक्सएफसीई वापरायला लागला. नंतर, २०१३ मध्ये, तो नोमकडे परतलाही. अर्जेंटिनातल्या एका वापरकर्त्याने नोम २ चा जुना कोड उचलला आणि ‘माटे’ नावाने चालू ठेवला. तिकडे चहासारखं जे पेय पितात त्याचं ते नाव. लिनक्स मिंटवाल्यांनी ‘सिनॅमन’ केला. म्हणजे ज्यांना जुनं हवं होतं, त्यांनी ते जिवंत ठेवलं. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये हे करता येतं. विंडोज ८ ने स्टार्ट बटण काढलं तेव्हा लोकांच्या हातात तक्रार करण्यापलीकडे काही नव्हतं.

आता याचा आपल्याकडे परिणाम बघा. आयआयटी मुंबईचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल. प्रा. कण्णन मौद्गल्य यांनी उभा केलेला. छोटे छोटे व्हिडिओ, मराठीसह अनेक भारतीय भाषांत डब केलेले, कॉलेजांमधून लाखो मुलांपर्यंत पोचलेले. त्यातला उबुंटू डेस्कटॉपचा पाठ उबुंटू १०.१० वर, म्हणजे नोम २ वर केलेला होता. ‘वरच्या पट्टीवर ॲप्लिकेशन्सवर क्लिक करा.’ आणि पुढच्याच उबुंटूमध्ये ती पट्टी तशी राहिली नाही! पाठ चूक नव्हता. शिकवणारा बरोबर, शिकणारा बरोबर, मधली भिंत हलली. पुढे १६.०४ वर, युनिटीसाठी, नवे पाठ करावे लागले. आणि २०१७ च्या एप्रिलमध्ये उबुंटूने जाहीर केलं की युनिटी बंद, आम्ही परत नोमकडे. ऑक्टोबरच्या १७.१० पासून नोम आणि जीडीएम परत आले. बटणंही परत उजवीकडे गेली.

बदल करणाऱ्यांना मी मूर्ख म्हणत नाहीये. प्रत्येक बदलामागे कारण होतं. टचस्क्रीन येत होत्या, पडदे रुंद झाले होते, जुना कोड सांभाळायला माणसं नव्हती. पण या बदलाची किंमत मोजणारा माणूस त्या बैठकीत कधीच नसतो. तो कुठेतरी भुईगावात असतो.

१८:१५ – भुईगावातला लॅपटॉप

हे भुईगाव मी उगाच घेतलं नाही. मी वसई पश्चिमेला भुईगावात राहतो. २०१८ मध्ये, मी इंजिनिअरिंगला असताना, शेजारच्या एका काकांचा लॅपटॉप माझ्याकडे आला. काकांची वाडी आहे. केळी, भाजी, थोडी फुलं. दादरला माल जायचा त्याचा सगळा हिशोब त्या लॅपटॉपवर. शिवाय त्यांनी जुन्या घरांचे आणि गेलेल्या माणसांचे फोटो स्कॅन करून ठेवले होते. मुलाने परदेशी जाण्याआधी उबुंटू १६.०४ टाकून दिलं होतं. फोल्डरांची नावं मराठीत: ‘केळी’, ‘दादर’, ‘आईचे फोटो’.

उबुंटूने अपग्रेड विचारलं, काकांनी ‘हो’ म्हटलं, १८.०४ आलं. दुसऱ्या दिवशी लॉगिन स्क्रीन अनोळखी. पासवर्ड टाकला तर चुकीचा म्हणे. कधी बरोबर म्हणे, पण क्षणभर पडदा काळा होऊन परत तीच लॉगिन स्क्रीन. काका गेले एका दुरुस्तीवाल्याकडे. त्याने काळ्या स्क्रीनवर जाऊन फाइलींची यादी काढून दाखवली. नावांच्या जागी नुसते चौकोन. तो म्हणाला, ‘बघा, सगळ्या करप्ट झाल्या. फॉरमॅट मारतो, नाहीतरी काही उरलेलं नाही.’ काकांनी मशीन परत आणलं ते केवळ पैसे उद्या देतो म्हणून.

यात तीन वेगवेगळे प्रकार होते आणि तिन्ही आजच्या इतिहासातूनच आलेले.

पहिला, पासवर्ड. लॉगिनवाला लाइटडीएम जाऊन जीडीएम आला होता, आणि नव्या लॉगिन स्क्रीनवर कीबोर्ड मराठी निवडला गेलेला. वरच्या कोपऱ्यात ‘एमआर’ अशी दोन छोटी अक्षरं दिसत होती. काकांचा पासवर्ड इंग्रजी. ते इंग्रजीच टाइप करत होते, आत जात होती देवनागरी. पासवर्डच्या चौकटीत टिंबंच दिसतात, मग कळणार कसं? कोपऱ्यात क्लिक करून इंग्रजी निवडलं, पासवर्ड चालला.

दुसरा, परत लॉगिनवर फेकणं. याला ‘लॉगिन लूप’ म्हणतात. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून मी काळ्या पडद्यावर गेलो. इथेही इतिहास आडवा येतो, कारण १६.०४ मध्ये ग्राफिक पडदा एफ७ वर असायचा, १८.०४ मध्ये तो एफ१ आणि एफ२ वर गेला. तिथे नाव-पासवर्ड दिल्यावर सरळ आत! म्हणजे खातं ठीक होतं. मग ‘डीएफ’ ही आज्ञा दिली. ती डिस्क किती भरली ते सांगते. शंभर टक्के. अपग्रेडसाठी उतरवलेल्या पॅकेजेसचा ढीग तसाच पडला होता. डेस्कटॉपला सुरू होताना छोट्या फाइल्स लिहाव्या लागतात. जागाच नाही, म्हणून तो सुरू होताहोताच बंद पडायचा आणि जीडीएम परत लॉगिन दाखवायचा. ‘सुडो ॲप्ट क्लीन’ दिलं, उतरवलेली पॅकेजेस गेली, जागा झाली.

तिसरा, ते चौकोन. लिनक्सच्या काळ्या पडद्याला, म्हणजे कन्सोलला, एका वेळी जास्तीत जास्त ५१२ अक्षरचित्रं ठेवता येतात, आणि जोडाक्षरं जुळवणं त्याला येतच नाही. पँगो, लोहित, हे सगळं ग्राफिक बाजूला आहे. काळ्या पडद्यावर ते पोचलेलंच नाही. तिथे ‘आईचे फोटो’ चौकोनच दिसणार. फाइल जिवंत असते. दाखवणाऱ्याला मराठी येत नसते.

परत ग्राफिक पडद्यावर आलो, लॉगिन केलं, डेस्कटॉप उघडला, फोल्डर तिथेच. मग काका म्हणाले, ‘अरे पण हे माझं नाय. माझं वेगळं दिसायचं.’ लॉग आउट केलं, दातेरी चाकावर क्लिक केलं, यादीत ‘युनिटी’ अजून होतं. ते निवडलं. काकांचा जुना पडदा परत. पुढे सहा-आठ महिने ते युनिटीतच होते. नंतर हळूहळू स्वतःच नोमवर गेले.

दुरुस्तीवाल्याने मुद्दाम फसवलं असं मला वाटत नाही. त्याला विंडोज येत होतं आणि समोर चौकोन दिसत होते. पण एका फॉरमॅटने वाडीचा हिशोब आणि आईचे फोटो गेले असते, आणि काकांना आयुष्यभर वाटलं असतं की अपग्रेडनेच ते खाल्लं.

२२:४० – आत्ता हे का सांगतोय

कारण आणखी एक मोठा बदल सुरू आहे. १९८४ मध्ये सुरू झालेली एक्स विंडो आता निवृत्त होतेय. केडीई प्लाझ्मा ६ ने २०२४ मध्ये वेलँड हा पहिला पर्याय केला. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये उबुंटू २५.१० आलं, त्यात नोमचं एक्स११ वरचं सेशन नाही. म्हणजे दातेरी चाकातली जी ‘उबुंटू ऑन झॉर्ग’ अशी ओळ असायची, ती गेली. एक्ससाठी लिहिलेले जुने प्रोग्रॅम एक्सवेलँड नावाच्या थरातून चालत राहतात, त्यामुळे बहुतेकांना फरक कळणार नाही. पण काहींना कळेल. जुना ग्राफिक्स कार्ड, स्क्रीन शेअर करणारं एखादं जुनं सॉफ्टवेअर, अशा ठिकाणी. ज्यांना एक्सच हवं त्यांच्यासाठी माटे, एक्सएफसीई, सिनॅमन हे डेस्कटॉप आहेत.

म्हणून घरच्यांसाठी, ओळखीच्यांसाठी एवढा क्रम लक्षात ठेवा.

लॉगिन स्क्रीन वेगळी दिसली तर आधी कोपऱ्यातला कीबोर्ड बघा, मराठी आहे की इंग्रजी. नंतर दातेरी चाकातून सेशन बदलून बघा. तरीही परत लॉगिनवरच येत असेल तर कंट्रोल-ऑल्ट-एफ३, आणि ‘डीएफ’. डिस्क भरलेली असेल तर जागा करा. डिस्क रिकामी असेल तर होम फोल्डरमधल्या ‘डॉट एक्सऑथॉरिटी’ या लपलेल्या फाइलची मालकी बघा. एक्सवरचं सेशन असेल आणि ती चुकून ‘रूट’ च्या नावावर गेली असेल तरी असंच होतं. मशीनवर दोन लॉगिनवाले असतील, तर डेबियन आणि उबुंटूत ‘सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर जीडीएम३’ ही आज्ञा देऊन कुठला हवा ते निवडता येतं.

आणि यातलं काहीच जमलं नाही, तरी फॉरमॅटच्या आधी एक पायरी असतेच. पेनड्राइव्हवरून लाइव्ह उबुंटू चालू करा. ते काहीही इन्स्टॉल न करता चालतं. त्यातून तुमची डिस्क उघडा, होम फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. इथे पडदा ग्राफिक असतो, त्यामुळे मराठी नावं नीट वाचता येतात. मग खुशाल फॉरमॅट मारा.

आणखी एक विनंती, विशेषतः माझ्यासारख्या आयटीवाल्यांना. आईवडिलांच्या, काकामामांच्या मशीनवर अपग्रेड करून देणार असाल तर जुना डेस्कटॉप त्याच दिवशी काढून टाकू नका. सेशनच्या यादीत तो राहू दे. त्यांना कुठे क्लिक करायचं ते एकदा दाखवा, आणि शक्य असेल तर कागदावर मराठीत लिहून लॅपटॉपच्या पिशवीत ठेवा. काकांच्या पिशवीत तो कागद अजून आहे.

आजच्यासाठी एवढंच. पुढच्या भागात कीबोर्ड घेऊ: इनस्क्रिप्ट कुठून आला आणि आपण सगळे तो सोडून इंग्रजी अक्षरांत मराठी का टाइप करायला लागलो. तुमच्याकडे कुणाचा डेटा असाच वाचला किंवा गेला असेल, तर नक्की कळवा. भेटू. नमस्कार.